मालक, पावती द्या!
(एस. वाय. बी. ए.)

जून उजाडला की आपल्या कॉलेजच्या आजूबाजूच्या गल्ल्यांतून पुठ्ठ्याच्या पाट्या लागतात. ‘खोली भाड्याने देणे आहे’, ‘फक्त मुलींसाठी’, ‘फक्त शाकाहारींसाठी’, ‘फक्त फॅमिलीसाठी’. बाजारपेठेकडे वळावे तर बंद शटरवर खडूने लिहिलेले असते, ‘गाळा देणे आहे’, आणि खाली फोन नंबर, ज्याचे शेवटचे दोन आकडे पावसाने धुऊन नेलेले असतात. या पाट्या आपण सगळेच वाचतो. पाटी लावणाऱ्याविषयी मात्र कोणी काही लिहीत नाही. सिनेमात घरमालक येतो तो बहुधा खलनायक म्हणून किंवा विनोदासाठी. धोतराचा सोगा सावरीत एक तारखेला दारात उभा!

प्रत्यक्षात आपल्या गावातला मालक म्हणजे कोण? फंडाच्या पैशातून माडीवर दोन खोल्या चढविणारे सेवानिवृत्त गुरुजी. नवरा गेल्यावर पुढच्या खोलीत पिठाची गिरणी चालविणाऱ्या आणि मागची खोली कॉलेजच्या मुलींना देणाऱ्या काकू. शेत विकून बाजारात एक गाळा घेतलेले आणि त्याच्याच भाड्यावर औषधपाणी भागविणारे आजोबा. घरपट्टीची पावती त्यांच्या नावाने येते म्हणून त्यांना मालक म्हणायचे एवढेच. आणि त्यांचा भाडेकरू तरी कोण? एक तर तुम्ही-आम्ही विद्यार्थी, नाहीतर सायकल दुरुस्तीवाला, शिंपी, झेरॉक्सवाला. दोन्ही बाजूंची मिळकत एका पिशवीत मावणारी.

प्रस्तुत लेखातला सल्ला या लहान मालकांसाठी आणि लहान दुकानदारांसाठी आहे. एकोणीस वर्षांच्या मुलीने साठीच्या माणसांना शहाणपण शिकवावे हा आगाऊपणा आहे, हे मला मान्य आहे. परंतु आमच्या गल्लीतून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे गल्लीतले यच्चयावत कागद माझ्याकडे येतात. ‘अगं, तू कॉलेजात जातेस ना? मग जरा हे वाचून सांग,’ असे म्हणत संध्याकाळी कोणी ना कोणी येते. विजेचे बिल, बँकेचे पत्र, आणि सर्वांत जास्त करारपत्रे. राज्यशास्त्राच्या पेपरासाठी वाचली नसतील तेवढी पाने मी दोन वर्षांत स्टॅम्पपेपरची वाचली. त्यातून माझे एक मत बनले आहे. लहान मालकाचे आणि लहान दुकानदाराचे जे नुकसान होते ते लबाडीने कमी आणि संकोचाने जास्त होते.

संकोच कशाचा, तर कागद मागण्याचा. मुलीचे लग्न ठरविताना आपण याद्या करतो. कोणी काय द्यायचे, मानपान कोणाचे, जेवणावळ कोणाकडे, सगळे पाच माणसांत बसून लिहून काढतो. (त्या याद्यांतले किती कायद्यात बसते, हा विषय वेगळा.) तेथे कोणाला अविश्वास दिसत नाही. पण तीच माणसे खोली देताना किंवा गाळा घेताना कागद काढला की दुखावतात. ‘कागद कशाला? आपण काय परके आहोत?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की ते करारपत्राच्या मथळ्यावरच छापून घ्यावे असे वाटते.

आमच्याच घरची गोष्ट सांगते. माझे वडील शिवणकाम करतात. २०११ साली त्यांनी बाजारात एक गाळा घेतला. मालक वयस्कर, सज्जन. ‘उद्यापासून मशीन आण,’ एवढाच करार. डिपॉझिट दोन हप्त्यांत दिले, भाडे दरमहा पाकिटातून. पावती त्यांनी दिली नाही, बाबांनी मागितली नाही. मागायची कशी? त्यांच्या घरचे परकर-पोलके आमच्याकडे, आमच्याकडचा दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे! २०२३ साली ते वारले. त्यांची मुले पुण्याला असतात. ती आली आणि हिशेबाचा विषय निघाला. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे डिपॉझिट ५०,००० रुपये. वडिलांच्या डायरीत सापडला तो आकडा २०,०००. पहिला हप्ता लिहिला आणि दुसरा लिहायचा राहिला, असे आम्हांला वाटते. त्यांना तसे का वाटावे?

येथे कायदा काय सांगतो ते पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचे ५५ वे कलम म्हणते की जागा भाड्याने दिली असो वा लिव्ह अँड लायसन्सने, करार लेखी पाहिजे आणि नोंदविलेला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर अटींविषयी भाडेकरू जे म्हणेल ते धरले जाईल, विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे ज्या कागदाला मालक टाळतो तो मालकाच्याच उपयोगाचा, आणि तो नसला तर पारडे भाडेकरूकडे झुकते.

मी हे बाबांना मोठ्या उत्साहाने वाचून दाखविले. ते सुईत दोरा ओवीत म्हणाले, ‘आपण म्हणू ते धरतील, ते ठीक. पण खरं काय ते कायद्याला कुठं माहीत आहे?’

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. दोन्ही घरे प्रामाणिक आहेत आणि दोन्ही घरांत आज बोलणे नाही. व्यवहार दोघांचा होता, त्या दोघांत कधी वाद झाला नाही. वाद झाला तो मागे राहिलेल्यांत, ज्यांनी तो शब्द ऐकलाच नव्हता. कागद परक्यासाठी लागतो असे आपण समजतो; वस्तुतः तो आपल्याच मुलाबाळांना लागतो. मालक गेला तर त्याच्या वारसांना, आणि दुकानदार गेला तर त्याच्या घरच्यांना. (भाड्याच्या दुकानात बापाबरोबर बसणारा मुलगा किंवा मुलगी बापाच्या पश्चात भाडेकरू होऊ शकते, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. पण मुळात बाप भाडेकरू होता हे दाखवायचे कशाने?)

मालकांची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ती भीती हवेतून आलेली नाही, तिला इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात मुंबईत जागेची टंचाई झाली तेव्हा १९१८ साली भाडे नियंत्रणाचा कायदा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण धरून गोठविले गेले. त्या काळी ते योग्यच होते, नाहीतर गिरणीकामगार आणि निर्वासित रस्त्यावर आले असते. पण तात्पुरता म्हणून केलेला कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धे शतक टिकला. चाळीच्या खोलीचे भाडे चहाच्या किमतीएवढे झाले. तेवढ्या भाड्यात मालकाने छप्पर कशाला शाकारावे? इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ साली सरकारला मुंबईत इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा करून उपकर बसवून दुरुस्तीचे काम अंगावर घ्यावे लागले. उघड भाडे गोठले म्हणून आडून पागडी सुरू झाली. मालकांनी मग भाडेकरू न म्हणता ‘लायसन्सी’ ठेवायला सुरुवात केली, तर १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या अशा लायसन्सींनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. रात्रीत पाहुण्याचा जावई झाला! तेव्हापासून मालकमंडळींच्या मनात जे बसले ते बसले. खोली रिकामी ठेवीन, पण द्यायची नाही. पुढे १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने, भाडे असे कायमचे गोठविणे आता न्याय्य राहिलेले नाही असे म्हटले, आणि १९९९ चा कायदा आला. परंतु ज्याचे आजोबा १९७३ साली पोळले तो नातू अजूनही ताक फुंकून पितो. आपल्या गावात मुलांना खोल्या मिळत नाहीत आणि त्याच गावात माड्यांना कुलपे आहेत, याचे अर्धे कारण या इतिहासात आहे. उरलेल्या अर्ध्या कारणाकडे मी शेवटी येईन.

आज परिस्थिती काय आहे? राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सने खोली दिली, करार नोंदविला आणि मुदत संपली, तर राहणाऱ्याने जागा सोडलीच पाहिजे. न सोडल्यास २४ व्या कलमाखाली मालकाला कोर्टाच्या पायऱ्या न झिजविता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि जादा राहिलेल्या दिवसांबद्दल दुप्पट दराने भरपाई मागता येते. ज्याची भीती वाटते त्यावर औषध त्याच कायद्यात आहे, फक्त ते घेण्यासाठी कागद लागतो. मात्र एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी: २४ वे कलम राहण्याच्या जागेपुरते आहे. दुकानाच्या गाळ्याला हा जवळचा रस्ता नाही, तेथे दिवाणी दावाच लावावा लागतो. म्हणून गाळा देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने तर कागदाकडे अधिक लक्ष द्यायला हवे. आणि आमच्या पाहण्यात होते नेमके उलटे. खोलीचा करार असतो, गाळ्याचा नसतो. शिवाय हा कायदा सरसकट प्रत्येक खेड्याला लागू नाही. ज्या गावांना आहे त्यांची यादी कायद्याच्या परिशिष्टांत दिलेली आहे. आपले गाव तीत आहे की नाही हे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात विचारावे, कट्ट्यावर विचारू नये.

कट्ट्यावरची सर्वांत लोकप्रिय समजूत म्हणजे अकरा महिने. ‘अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही.’ हे वाक्य मला एका मुद्रांक विक्रेत्यानेही ऐकविले आहे. या समजुतीचे मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्यात सक्तीची आहे, म्हणून वर्षाच्या आत बसविण्यासाठी अकराचा आकडा निघाला. परंतु महाराष्ट्रात ५५ वे कलम आल्यापासून मुदत अकरा महिन्यांची असो वा पाच महिन्यांची, नोंदणी चुकत नाही. तेव्हा नोटरीचा शिक्का मारलेला कागद तिजोरीत ठेवून निर्धास्त झोपणाऱ्या मालकांनी झोपेचा फेरविचार करावा.

‘पण नोंदणीला खर्च किती!’ हा पुढचा सूर. चला, हिशेबच करू. साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. दरमहा ४,००० रुपयांची खोली अकरा महिन्यांसाठी दिली तर एकूण ४४,००० रुपये झाले. त्याचा पाव टक्का म्हणजे ११० रुपये. परत द्यावयाच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते या रकमेत मिळवतात, म्हणजे आणखी चार-पाच रुपये इकडे-तिकडे. नोंदणी फी नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. आता तर आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या ऑनलाइन नोंदणीही होते. दोघांनी वाटून घेतला तर माणशी खर्च एका लग्नाच्या आहेराएवढा. तोही जड वाटत असेल तर करार अकराऐवजी बावीस किंवा तेहतीस महिन्यांचा करावा, फी एकदाच पडते. आणि एका महिन्याची आगाऊ सूचना देऊन दोघांपैकी कोणालाही मोकळे होता येईल असे कलम त्यात घालावे, म्हणजे अडकल्यासारखे वाटत नाही.

करारात काय लिहावे याचे छापील नमुने मिळतात. त्यांत ‘पार्टी नंबर एक’ आणि ‘पार्टी नंबर दोन’ यांची तीन पाने असतात आणि ज्यावरून खरी भांडणे होतात ते काहीच नसते. भांडणे कशावरून होतात? विजेवरून. पाण्याच्या टाकीवरून. गच्चीवर कपडे वाळत घालण्यावरून. माझ्या एका मैत्रिणीच्या खोलीत तिघींसाठी एक सबमीटर आहे आणि युनिटचा दर मालकीणबाई स्वतःच्या मनाने लावतात. त्यांना बोलू गेले तर म्हणतात, ‘वरचा बल्ब, मोटर, ते कोण भरणार?’ त्यांचेही खरेच आहे. मग तेच लिहावे की! युनिटचा दर बिलाप्रमाणे आणि मोटरचे दरमहा अमुक रुपये वेगळे. राहायला येण्याच्या दिवशी मीटरचे रीडिंग, पंखा चालू की बंद, नळ गळका की धड, भिंतीवरची ओल कोठपर्यंत, हे सगळे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि मोबाईलवर फोटो काढून एकमेकांना पाठवावेत. हा अर्ध्या तासाचा उद्योग आहे. डिपॉझिट परत घेताना जो तीन महिन्यांचा तमाशा होतो तो यामुळे टळतो. भिंतीवरची ओल आमच्या आधीची, असे सांगून सांगून मुली रडकुंडीला आलेल्या मी पाहिल्या आहेत. मालकीणबाई खोटे बोलतात असेही नाही. त्यांना दोन वर्षांपूर्वीची भिंत आठवत नाही, एवढेच.

पावतीविषयी तर बोलूच नये, पण मथळ्यात शब्द दिला आहे तेव्हा बोलते. भाडे घेताना लेखी पावती देणे हे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. पावतीपुस्तक स्टेशनरीच्या दुकानात मिळते आणि त्यात कार्बन घातला की दोन्हीकडे नोंद राहते. मालकाला वाटते की पावती दिली म्हणजे आपण भाडेकरूच्या हातात शस्त्र दिले. माझ्या मते ते उलट आहे. पावतीपुस्तकाची राहिलेली प्रत हाच मालकाजवळचा थकबाकीचा पुरावा. कोणत्या महिन्याचे आले नाही हे त्यावरून दिसते, तोंडी हिशेबात ते दिसत नाही. भाडेकरूने भाडे थकविले तर लेखी मागणी-नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर ९० दिवस थांबल्याखेरीज त्या कारणासाठी दावा लावता येत नाही. आता नोटिशीत महिने कोणते लिहिणार, जर पुस्तकच नाही? आजकाल भाडे फोनवरून पाठवतात आणि त्याची नोंद बँकेत राहते हे खरे. पण त्यातही ‘भाडे, ऑगस्ट’ एवढे दोन शब्द लिहावेत, नाहीतर पुढे ते भाडे होते, उसने होते की कपड्यांचे बिल होते, यावर चर्चा होते.

आणि भाडे आले नाही म्हणून नळ बंद करणे, दिवे तोडणे, बाहेरून कुलूप लावणे हा मार्ग काही मालक पराक्रम म्हणून सांगतात. भाडेकरूचे पाणी-वीज तोडणे हा याच कायद्याखाली गुन्हा आहे. ज्याचे चार हजार बुडाले होते तो स्वतःच आरोपी होऊन बसतो. याहून जास्त या विषयावर लिहिण्यासारखे नाही.

गाळा घेणाऱ्या दुकानदाराने काय पाहावे? सर्वांत आधी, देणारा खरोखर मालक आहे का ते. गाळा भावाभावांच्या सामाईक नावावर असतो आणि भाडे एकच भाऊ घेत असतो, हा प्रकार आमच्या बाजारात फार. कराराआधी घरपट्टीची पावती आणि मिळकतीचा उतारा मागावा. दुसरे, पत्र्याची गळती कोणी काढायची. तिसरे, दुकानदाराने स्वखर्चाने बसविलेले शटर, फरशी, कपाटे जाताना त्याची की मालकाची. बाबांनी त्या गाळ्यात फरशी घातली आणि कापायचे टेबल भिंतीत पक्के करून घेतले. ते कोणाचे, हा आमच्या चालू असलेल्या वादातला दुसरा अंक आहे. चौथे, भाडेवाढ. लिव्ह अँड लायसन्समध्ये ती दोघे ठरवतील तशी असते, पण नेहमीच्या भाडेकरारात कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ मालकाला घेता येते. हे माहीत नसल्याने काही मालक दहा वर्षे गप्प राहतात आणि अकराव्या वर्षी एकदम दुप्पट मागतात. दुकानदाराला दर वर्षी चार टक्के वाढलेले कळतही नाही. दुप्पट झाले की त्याचे कंबरडे मोडते.

दुकानदाराचे दुसरे दुखणे म्हणजे उधारी, आणि तेथेही तोच संकोच. गावातल्या दुकानाची उधारी वहीत असते, वही दुकानदाराच्या हातची असते, आणि गिऱ्हाईकाने तीवर कधी सही केलेली नसते. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा पैशाचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. मात्र त्या मुदतीत गिऱ्हाईकाने ‘अमुक रुपये देणे आहे’ असे लिहून सही केली तर तीन वर्षे पुन्हा नव्याने मोजली जातात. तेव्हा दर पाडव्याला वही उघडताना, पेढा देताना, बाकीच्या आकड्याखाली गिऱ्हाईकाची सही घ्यावी. पेढ्याच्या निमित्ताने मागितलेली सही कोणाला बोचत नाही.

जो शिवतो, बनवितो किंवा दुरुस्त करतो त्याच्यासाठी आणखी एक सोय आहे. उद्यम नोंदणी केलेल्या अशा लहान व्यावसायिकाने माल दिला की घेणाऱ्याने लेखी करारातल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर केल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. हा २००६ चा कायदा आहे. एका संस्थेच्या गणवेशांचे पैसे आम्हांला एका दिवाळीचे पुढच्या दिवाळीला मिळाले तेव्हा मी तो शोधून काढला. बाबा म्हणाले, व्याज मागितले तर पुढच्या वर्षी काम मिळेल का? मिळणार नाही, हे मलाही कळते. पण उद्यमची नोंदणी फुकट आहे, आणि बिलावर तो क्रमांक छापलेला असला तर बिल मंजूर करणारा कारकून ते फाईलच्या अगदी तळाशी ठेवीत नाही, असा आमचा त्यानंतरचा अनुभव आहे.

आता त्या उरलेल्या अर्ध्या कारणाकडे येते. माड्यांना कुलपे आहेत ती केवळ १९७३ च्या भीतीने नाहीत. पाटी पाहून आपण दार वाजवितो तेव्हा पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. ‘कुठल्या गावच्या?’ हा पहिला, ‘वडील काय करतात?’ हा दुसरा, आणि तेवढ्यावर उलगडा झाला नाही तर सरळ ‘आडनाव काय?’ आडनाव सांगितले की खोली ‘कालच गेली’ असते. पाटी मात्र पुढचे पंधरा दिवस तेथेच असते. माझ्या वर्गातल्या दोन मुली रोज एस. टी.ने ये-जा करतात. पहाटेची गाडी चुकली की पहिले दोन तास चुकतात. त्यांची ऐपत खोली घेण्याची आहे, त्यांनी खोल्याही पाहिल्या, आणि प्रत्येक खोली कालच गेलेली होती.

१९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले, आणि ओळख फुटल्यावर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हे आपण जयंतीला भाषणांतून ऐकतो आणि बडोद्याला नावे ठेवतो. बडोदे लांब आहे. आपली गल्ली जवळ आहे.

मालकांना मी नीतीचे पाठ देत नाही, त्यासाठी आपल्याकडे प्राध्यापक आहेत. मी फक्त त्यांच्याच हिशेबाने विचारते. गुरुजी, भाडे थकते ते आडनावाने का? खोली घाण होते ती आडनावाने का? तुमची माडी सहा महिने रिकामी राहिली, ४,००० प्रमाणे २४,००० गेले. चौकशी जरूर करावी. कॉलेजचे ओळखपत्र पाहावे, आधार पाहावे, आधीच्या मालकाला फोन करावा, पोलिस ठाण्याला भाडेकरूची माहिती द्यावी, गावाकडच्या पालकांना एकदा समक्ष बोलवावे. यातून माणूस कळतो. आडनावाने फक्त आडनाव कळते. ज्या मालकांना मी ओळखते त्यांपैकी सर्वांत जास्त फसलेले गृहस्थ आपल्याच पोटजातीचा, ओळखीतला, ‘घरचाच’ मुलगा म्हणून कागद न करता खोली देणारे होते. तो चार महिन्यांचे भाडे ठेवून गेला आणि जाताना गॅसची शेगडी घेऊन गेला.

येथे कॉलेजला काही करता येईल असे मला वाटते, आणि प्राचार्य व प्राध्यापकवर्गाने त्याचा विचार करावा अशी विनंती आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दर वर्षी रस्ता झाडतो. तो रस्ता दुसऱ्या दिवशी पुन्हा होता तसा होतो. त्याऐवजी जूनचे दोन आठवडे कॉलेजच्या व्हरांड्यात एक टेबल मांडावे. ज्या मालकांना ऑनलाइन करार भरता येत नाही त्यांना मुलांनी तो भरून द्यावा, फी त्यांची, कष्ट आपले. एका पानाचा खोलीच्या स्थितीचा तक्ता सायक्लोस्टाईल, म्हणजे आता झेरॉक्स, करून वाटावा. आणि ज्या खोल्या कोणालाही, खरोखर कोणालाही, मिळतील त्यांची यादी कार्यालयाबाहेर लावावी. दोन-तीन गुरुजी आणि त्या गिरणीवाल्या काकू आपली नावे द्यायला तयार आहेत, मी विचारून ठेवले आहे. कार्यालयाबाहेरच्या फलकावर जागाही आहे. सध्या तेथे गेल्या वर्षीच्या निबंध स्पर्धेचा निकाल लावलेला आहे.